ऊसतोड कुटुंबांचा डेटा तीन संस्थांनी कसा वाटून घ्यावा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. एक संस्था बीड जिल्ह्यात शिरूर कासार आणि पाटोदा तालुक्यांतल्या गावांत काम करते. दुसरी कोल्हापूर-सांगलीकडे कारखान्यांच्या अड्ड्यांवर, म्हणजे तोडणी मजुरांच्या हंगामी वस्त्यांवर, मुलांसाठी काम करते. तिसरी ऊसतोड बायकांच्या आरोग्याचं काम बघते. दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या गाव सोडतात आणि मूल अड्ड्यावर पोचेपर्यंत लसीची तारीख टळलेली असते. वजन कमी असलेलं बाळ गावच्या वहीतून जातं आणि तिकडच्या वहीत येतच नाही. म्हणून यंदाच्या हंगामापासून तिघांच्या याद्या एका गुगल शीटमध्ये आणायच्या असा विचार आहे. हे बरोबर आहे का, करार लागतो का, नवीन कायद्यात आपण अडकतो का, असं विचारलं आहे.

मी अठरा वर्षं सामाजिक संस्थांच्या माहितीची व्यवस्था लावण्याचं काम करतो आणि त्यातली बरीच वर्षं स्थलांतरित मजुरांच्या संदर्भात गेली. तुमची तळमळ अगदी योग्य जागी आहे. पण एकत्र शीट करू नका. तिन्ही याद्या आपापल्या घरी राहू द्या. एका संस्थेकडून दुसरीकडे फक्त तेवढंच जाऊ द्या, जेवढं नसेल तर पुढच्या कार्यकर्तीचं काम अडेल.

असं का म्हणतो ते सांगतो. दहा-बारा वर्षांपूर्वी एका संस्थेसाठी मी अशीच एकत्र शीट बनवली होती. बाईचं नाव, नवऱ्याचं नाव, गाव, मोबाइल, मुकादमाचं (टोळी नेणाऱ्या ठेकेदाराचं) नाव, कारखाना आणि शेवटी "शेरा" नावाचा रकाना. हा शेरा मीच घातला होता, कार्यकर्त्यांना काही वेगळं लिहायचं असेल तर जागा असावी म्हणून. हंगामाच्या तोंडावर एका तालुक्याची यादी प्रिंट काढायला सोपी जावी म्हणून कुणीतरी व्हॉट्सअॅपवर टाकली. त्या ग्रुपमध्ये टोळ्यांना गाड्या पुरवणारा एक जण होता. दोन दिवसांत यादी मुकादमाकडे. एका बाईपुढे शेऱ्यात लिहिलं होतं, "४ महिने, रक्त कमी". मुकादमानं त्या जोडप्याची उचल, म्हणजे हंगामाआधी मिळणारी आगाऊ रक्कम, निम्मी केली. ती मोळ्या उचलणार नाही, म्हणजे हा अर्धा कोयता, असा त्याचा हिशोब. नवरा-बायको मिळून एक कोयता, ही त्या व्यवहाराची मोजणी तुम्हाला ठाऊक आहेच. त्या कुटुंबानं उरलेले पैसे गावातून व्याजानं उचलले आणि ती बाई तरीही तोडीला गेली. यात कुणाचाही हेतू वाईट नव्हता. प्रिंट काढणारा मुलगा तर आमच्यातला सगळ्यात कष्टाळू. पण ती माहिती एका ठिकाणी, एका ओळीत, नावासकट बसवण्याचं काम मी केलं होतं. त्यानंतर मी "शेरा" हा रकाना कुठल्याच सामाईक फाइलमध्ये ठेवू दिलेला नाही.

आता काम सुरू कुठून करायचं? संगणक उघडण्याआधी तिन्ही संस्थांच्या प्रत्यक्ष फिरणाऱ्या कार्यकर्त्या एका खोलीत बसवा. पदाधिकारी नकोत, फिरणाऱ्याच हव्यात. अड्ड्यावरच्या ताईला विचारा, "उद्या सकाळी नवीन टोळी उतरली, तर तुला आधी काय माहीत असायला हवं?" मी हा प्रश्न जिथे जिथे विचारला तिथे उत्तर पाच-सहा गोष्टींच्या पुढे गेलं नाही. मूल किती महिन्यांचं आहे, पुढची लस कुठली आणि कधी, अतिकुपोषित म्हणून उपचार चालू होते का, टोळी साधारण कुठल्या कारखान्याला आणि कधी पोचणार. बस. जात, रेशनकार्डाचा रंग, वडिलांचं शिक्षण, उचल किती घेतली, हे तिला त्या सकाळी लागत नाही. ते गावातल्या संस्थेकडे तिच्या कामासाठी असेल तर असू द्या.

उलट दिशेनंही तसंच. पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, आणि टोळ्या परत निघाल्या की गावच्या संस्थेला हवं असतं ते इतकंच: मूल आलं होतं, अमुक तारखेला अमुक लस झाली, शेवटचं वजन इतकं, टोळी अमुक तारखेला हलली.

तिसऱ्या, म्हणजे आरोग्याच्या संस्थेची गोष्ट नाजूक आहे. बाईला क्षय आहे, गर्भाशयाची तक्रार आहे, दिवस गेलेत, घरात मारहाण होते, यातलं काहीही त्या संस्थेच्या बाहेर जाता कामा नये. पण अड्ड्यावर कुणीतरी तिला भेटायला तर हवं. यासाठी आम्ही एक साधी खूण वापरतो: "भेट हवी, ७ दिवसांत". कारण लिहायचं नाही. अड्ड्यावरची ताई भेटते आणि सोबतचा आरोग्य संस्थेचा फोन नंबर देते किंवा तिथूनच जोडून देते. इथे एक खाच आहे. ही खूण फक्त क्षयरोगाच्या रुग्णांना लावली तर आठवड्याभरात अख्ख्या अड्ड्याला कळतं की "भेट हवी" म्हणजे टीबी. म्हणून लहान मुलाचं वजन घ्यायचं असो, कागदपत्रं द्यायची असोत, नाहीतर बाईचं दुखणं असो, सगळ्या भेटींना तीच एक खूण. खूण जितक्या जास्त कारणांसाठी वापरली जाईल तितकी ती बाई झाकलेली राहील.

तिन्ही याद्यांना जोडणारा धागा कुठला, हा खरा तांत्रिक प्रश्न. माझं उत्तर आहे, आईच्या हातातलं कार्ड. पत्त्याच्या पानाएवढं जाड कार्ड, वर फक्त एक क्रमांक आणि तिन्ही संस्थांचा एक सामाईक फोन नंबर. नाव नाही, गाव नाही, आजार तर नाहीच. क्रमांकात शेवटचा अंक आधीच्या अंकांवरून गणितानं काढलेला ठेवा, म्हणजे फोनवर सांगताना एखादा अंक चुकला तर माहिती भरायचं अॅप तिथल्या तिथे नाही म्हणेल. मी पाहिलेल्या बायका असं कार्ड बाळाच्या लसीकरण कार्डासोबत, रेशनकार्डाच्या प्लास्टिक पिशवीत ठेवतात आणि ती पिशवी कोपीच्या (राहायच्या झोपडीच्या) आत बांबूला टांगलेली असते, कारण खाली पाचटात उंदीर असतात. अड्ड्यावरची ताई कोपीसमोर उभी राहून विचारते, आई आत जाऊन पिशवी काढते, क्रमांक दाखवते. त्या क्षणी दोन संस्थांची माहिती जोडली जाते आणि ती जोडायची की नाही हे त्या बाईनं ठरवलेलं असतं. तिनं कार्ड काढलं नाही, तर तिची इच्छा नाही असं धरा आणि नव्या माणसाशी बोलतो तसं बोला.

काहींचं कार्ड हरवेल, काहींना मिळालेलंच नसेल. मग नावावरून जुळवणी करावी लागेल आणि ती वाटते त्यापेक्षा फार अवघड आहे. लहान बाळाला दवाखान्यात नाव नसतं, नोंद असते "अमुकचं बाळ" अशी. बारशानंतर एक नाव येतं, हाक मारायला दुसरंच असतं आणि अड्ड्यावर विचारलं की आई हाकेचंच नाव सांगते. पहिलं बाळंतपण माहेरी झालेलं असेल तर लसीकरण कार्ड माहेरच्या प्राथमिक आरोग्य केंद्राचं, गावही माहेरचं. आईवडिलांची जन्मतारीख बघावी तर यादीतल्या कितीतरी जणांची १ जून, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी तीच लिहिली. जन्मतारखेवरून माणूस ओळखायची परदेशी सॉफ्टवेअरची पद्धत आपल्याकडे पहिल्याच दिवशी आपटते ती यामुळे. १ जून दिसली की ती तारीख "माहीत नाही" समजायची, असा नियम मी प्रत्येक ठिकाणी घालतो.

गावाच्या नावाचंही तेच. नुसतं "शिरूर" लिहिलं तर ते बीडमधलं शिरूर कासार, लातूरमधलं शिरूर अनंतपाळ की पुण्यातलं शिरूर? आष्टी बीडमध्ये आहे, वर्ध्यातही आहे. शिवाय जुन्या याद्यांत अहमदनगर आणि औरंगाबाद, नव्यांत अहिल्यानगर आणि छत्रपती संभाजीनगर. म्हणून गावाचं नाव टाइप करू देऊच नका. केंद्र सरकारच्या लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरीत प्रत्येक गावाला सांकेतिक क्रमांक आहे, तो तिघांनी वापरा आणि फॉर्ममध्ये जिल्हा, तालुका, गाव अशी यादीतून निवड ठेवा. हंगामी मुक्कामाच्या अड्ड्यांना मात्र सरकारी क्रमांक नसतो. ती यादी तुमची तुम्हाला करावी लागेल आणि दर हंगामात बदलावी लागेल, कारण फड, म्हणजे तोडायचा ऊस, संपला की अड्डा हलतो.

नावं देवनागरीतच ठेवा. इंग्रजी अक्षरांत "ज्ञानेश्वर" कुणी डीपासून लिहितं, कुणी जीपासून, कुणी जेपासून. पण देवनागरीतही संगणकाचे काही खड्डे आहेत. सुनीता आणि सुनिता दोन्ही चालतात. "ऱ्ह"मधला र दोन वेगवेगळ्या प्रकारे टाइप होतो. पडद्यावर "कऱ्हाड" अगदी सारखं दिसतं, पण संगणकासाठी ते दोन निराळे शब्द असतात आणि शोधायला गेलं की एक सापडतो, दुसरा नाही. जुन्या संस्थांच्या फाइली अजून श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमध्ये असतात. त्या आधी युनिकोडमध्ये आणा आणि मग एक-एक पान डोळ्यांनी तपासा, कारण बदलताना जोडाक्षरं तुटतात. आकडे देवनागरी की इंग्रजी, हेही एकदाच ठरवून टाका.

नावांची जुळवणी यंत्रावर पूर्ण सोपवू नका. यंत्रानं "या दोन ओळी एकाच मुलाच्या असाव्यात" एवढं सुचवावं, निर्णय दोन माणसांनी घ्यावा, एक गावाकडची, एक अड्ड्यावरची. दोघींचं एकमत नसेल तर ओळ "शंका" गठ्ठ्यात. इथे दोन प्रकारच्या चुका होतात आणि दोन्हींची किंमत वेगळी आहे. एकच मूल दोन मुलं म्हणून राहिलं तर एक फेरी जास्त पडते, आई जरा वैतागते. पण दोन वेगळी मुलं एक समजली गेली तर एकाला दिलेली गोवराची लस दुसऱ्याच्या खात्यावर चढते आणि ते दुसरं मूल "पूर्ण" म्हणून यादीतून उडतं. त्याच्याकडे मग कुणी जात नाही. लसीकरणात शंका असेल तर कधीही जोडू नका.

आता फाइलींच्या देवाणघेवाणीबद्दल. तुम्ही एक्सेल वापरणार हे मला माहीत आहे आणि छोट्या संस्थेनं वापरू नये असं माझं म्हणणंही नाही. पण एक्सेलच्या सवयी ओळखून असा. गाव-क्रमांकाच्या किंवा कार्डाच्या सुरुवातीचं शून्य ते गिळतं, म्हणून तो रकाना आधी "टेक्स्ट" करा. ०३/०४ ही तारीख एका लॅपटॉपवर ३ एप्रिल असते आणि दुसऱ्यावर ४ मार्च. म्हणून तारीख वर्ष-महिना-दिवस या क्रमानं लिहा. सीएसव्ही फाइल नुसती दोनदा टिचकी मारून उघडली की मराठीच्या जागी चित्रविचित्र चिन्हं दिसतात. ती "इम्पोर्ट" करून युटीएफ-८ निवडून उघडा. आणि ओळींचा ताळा घ्या. २०२० च्या शरद ऋतूत इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य यंत्रणेत कोरोनाचे १५,८४१ रुग्ण आठवडाभर मोजणीतून सुटले, कारण प्रयोगशाळांची माहिती एक्सेलच्या जुन्या प्रकारच्या फाइलमध्ये ओढली जात होती आणि त्या प्रकारात ६५,५३६ च्या पुढे ओळच बसत नाही. त्या रुग्णांच्या संपर्कातल्या माणसांना शोधायचं काम तेवढे दिवस थांबलं. तुमच्या ओळी काही शेकड्यांत असतील, पण "मी ४१२ पाठवल्या", "माझ्याकडे ४१२ आल्या" हा दोन ओळींचा निरोप प्रत्येक देवाणघेवाणीनंतर गेलाच पाहिजे. दुकानदार संध्याकाळी गल्ला जुळवतो तसं.

"शीट प्रोटेक्ट" केलं म्हणजे फाइल सुरक्षित झाली, हा गैरसमज मला प्रत्येक संस्थेत भेटतो. त्यानं फक्त चुकून होणारे बदल थांबतात. वाचणाऱ्याला काहीच अडत नाही. फाइल उघडतानाच पासवर्ड मागेल अशी सोय करायची असते आणि तो पासवर्ड फाइलसोबत त्याच मेलमध्ये पाठवायचा नसतो, फोनवर सांगायचा असतो. गुगल ड्राइव्ह वापरत असाल तर "लिंक असलेल्या कुणालाही" हा पर्याय आजच सगळीकडे बंद करा. फॉर्म आणि फाइली कुणा कार्यकर्त्याच्या खासगी जीमेलवर असतील तर संस्थेच्या खात्यावर आणा. ती व्यक्ती नोकरी सोडून गेली की माहितीही तिच्यासोबत जाते आणि तिला दोष देता येत नाही. फिरतीवर माहिती भरायला ओडीके किंवा कोबो टूलबॉक्स चांगलं. इंटरनेट नसताना चालतं आणि पाठवून झालेला फॉर्म फोनमधून आपोआप काढून टाकायची सोय आहे. ती सोय चालू ठेवा.

फोनच्या गॅलरीबद्दल वेगळं बोलतो, कारण माझ्या अनुभवात सगळ्यात मोठी गळती तिथे आहे. कार्यकर्त्या घाईत आधारकार्डाचा, रेशनकार्डाचा, लसीकरण कार्डाचा फोटो काढतात, "नंतर भरते" म्हणून. तो फोटो गुगल फोटोजवर जातो, मुलाच्या हातात फोन असताना उघडतो, फोन विकला तरी राहतो. आधार तर तुम्हाला या कामासाठी लागतच नाही. २०१८ च्या आधार निकालात सर्वोच्च न्यायालयानं खासगी संस्थांना आपापसातल्या करारावर आधार वापरू देणारी तरतूद रद्द केली, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

तुमच्यापैकी कुणीतरी सुचवलंय की आधार क्रमांकाचा हॅश करून तोच सामाईक ओळख म्हणून वापरू. हॅश म्हणजे क्रमांकाचं असं रूप, ज्यावरून मूळ क्रमांक उलटा काढता येत नाही. ऐकायला पक्कं वाटतं, पण आधारच्या बाबतीत ते टिकत नाही. आधार १२ अंकी आहे, पहिला अंक ० किंवा १ नसतो, शेवटचा अंक पडताळणीचा. म्हणजे शक्यता उरतात ८,००० कोटी. माणसाला हा आकडा अफाट वाटतो. पण गेम खेळायच्या संगणकातलं आजचं ग्राफिक्स कार्ड सेकंदाला शेकडो कोटी हॅश काढतं. उलटं काढायची गरजच पडत नाही. सगळे क्रमांक ओळीनं हॅश करून बघितले की मिनिटाच्या आत जुळणी सापडते. मोबाइल नंबरचं तर त्याहून लवकर. म्हणून मी कार्डावरच्या क्रमांकाचा आग्रह धरतो. तो कशापासूनच काढलेला नसतो, आणि फुटला तरी त्यावरून माणूस सापडत नाही.

कायद्याकडे येऊ. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. बहुतेक जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ पासून बंधनकारक होतील. संस्था छोटी आहे, नफा कमवत नाही, म्हणून कायदा लागू नाही, असं नाही. वहीत असलेली माहिती यात येत नाही, पण ती वही टाइप केली त्या दिवसापासून येते. तुमच्या तिन्ही संस्था स्वतःच्या कामासाठी माहिती घेतात, म्हणून तिघी आपापल्या जागी जबाबदार. आणि तुम्ही एखाद्या सॉफ्टवेअर कंपनीला सर्व्हर सांभाळायला दिला, तिच्याकडून फुटलं, तरी कायद्याच्या नजरेत उत्तर तुम्हालाच द्यायचं आहे. करारात काहीही लिहिलेलं असो. सुरक्षेत हयगय झाली तर दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. तुमच्यासारख्या संस्थेला एवढा दंड होईल असं मी म्हणत नाही, पण विषय किती गंभीर धरलाय ते यावरून कळतं.

तुमच्यासाठी महत्त्वाचं म्हणजे या कायद्यात १८ वर्षांखालची प्रत्येक व्यक्ती "बालक" आहे आणि तिच्या माहितीसाठी पालकाची पडताळता येईल अशी संमती लागते. आरोग्य आणि शिक्षणाच्या काही कामांना नियमांमध्ये सूट आहे, पण ती त्या कामापुरतीच. तुमची प्रत्येक कृती तिच्यात बसते का हे वकिलाला दाखवूनच ठरवा. संमतीची सूचना राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषांमध्ये मिळायला हवी, त्यात मराठी आहेच. पण अड्ड्यावर अनेक घरांत गोरबोली, म्हणजे बंजारा समाजाची भाषा, बोलतात आणि कागदावरचं मराठी त्यांच्यापर्यंत नीट पोचत नाही. मी सांगेन की संमतीचा मजकूर पाच वाक्यांत बसवा, गोरबोली बोलणाऱ्या कार्यकर्तीच्या आवाजात रेकॉर्ड करा आणि फोनवर ऐकवा. "आम्ही तुमच्या बाळाचं वय आणि लसीची तारीख कारखान्याकडच्या आमच्या ताईला कळवू. तुमचा आजार, तुमचे पैसे, मुकादमाचं नाव कळवणार नाही. नको असेल तर आत्ता किंवा नंतर कधीही सांगा. लस तरीही मिळेल." शेवटचं वाक्य गाळू नका. ते नसलं तर बाई हो म्हणते ती लसीसाठी, संमती म्हणून नाही. आणि ही बोलणी मुकादम, सासू, नवरा यांच्या घोळक्यात करू नका. पाण्यावर गेलेली असताना, चुलीपाशी, जिथे ती एकटी असेल तिथे.

करार हवाच, पण २५ पानी नको. मराठीत दोन पानं पुरतात, तिन्ही संस्थांच्या कार्यकर्त्यांना वाचता येतील अशी. कुठले रकाने जातील ते नावानिशी. कशासाठी वापरायचे आणि कशासाठी नाही. कोण बघू शकतं, व्यक्तींच्या पदानुसार. हंगाम संपल्यावर किती दिवसांत पुसायचं. फुटलं तर कुणी कुणाला किती तासांत सांगायचं. एखादी संस्था बंद पडली किंवा भागीदारीतून बाहेर पडली तर तिच्याकडच्या माहितीचं काय करायचं. हा शेवटचा मुद्दा लोकांना अपशकुनी वाटतो म्हणून टाळतात. मी दोन भागीदाऱ्या तुटताना पाहिल्या आणि दोन्ही वेळा भांडण यादी कुणाची यावरून झालं.

देणगीदाराचं कलमही करारात घाला. वर्षअखेर कुणीतरी म्हणेल, "लाभार्थ्यांची नावं-नंबर द्या, आम्ही फोन करून खात्री करू." नाही म्हणायला एकट्या संस्थेला जड जातं, पैसे तिथून येतात. पण करारात तिघांनी लिहून ठेवलेलं असेल की नावं बाहेर जाणार नाहीत, तर तो कागद दाखवता येतो. खात्री हवी असेल तर त्यांच्या माणसाला गावात घेऊन जा, कुटुंबाला विचारून भेट घडवा. सरकारी कार्यालयानं मागितलं तर मागणी लेखी घ्या, कुठल्या अधिकारात मागताहेत ते विचारा आणि तेवढंच द्या. लसीकरणाची नोंद आशा आणि एएनएम (सरकारी आरोग्यसेविका) ताईंकडे जायलाच हवी, त्यात आडकाठी नको. ती त्यांची यंत्रणा आहे आणि मुलाचा हक्क तिथून पूर्ण होतो.

नावं न देताही आकड्यांनी मोठं काम होतं, हे बीडनं दाखवलंय. २०१९ मध्ये जिल्ह्यात ऊसतोड महिलांचं सर्वेक्षण झालं. ८२,३०९ जणींपैकी १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली होती. प्रश्न किती मोठा आहे ते या एका आकड्यानं दिसलं, आणि त्यासाठी एकाही बाईचं नाव छापायची गरज पडली नाही. पण आकडा लहान झाला की तो नावासारखाच होतो. एका अड्ड्यावर १२ कोयते आहेत आणि तुमच्या अहवालात "या अड्ड्यावर क्षयरोगाच्या २ महिला" असं आलं, तर त्या कोण हे तिथल्या पोरासोरांना सांगता येईल. १० पेक्षा लहान आकडा अहवालात देऊ नका, तालुक्याच्या बेरजेत मिसळा. आणि बेरीज-वजाबाकी तपासा. तालुक्याची बेरीज ३१ दिली, बाकीच्या सगळ्या अड्ड्यांचे आकडे दिले आणि एकच झाकला, तर वजाबाकीनं तो उघडा पडतोच.

एवढं करूनही कधीतरी फुटेल. फोन हरवेल, मेल चुकीच्या पत्त्यावर जाईल. त्यासाठी एकच सवय लावा: चूक ज्याच्या हातून झाली त्यानं तासाभरात फोन करायचा आणि त्याला कुणी रागवायचं नाही. रागावलं की पुढची चूक तीन दिवसांनी कळते. नव्या नियमांत डेटा संरक्षण मंडळाला ७२ तासांत तपशील द्यायचा आहे आणि ज्यांची माहिती गेली त्यांना विनाविलंब सांगायचं आहे. माझ्या मते सांगण्याचा क्रम त्या बाईपासून सुरू व्हावा. मघाशी सांगितलेल्या प्रकरणात त्या बाईला आम्ही आधी सांगितलं असतं, तर मुकादमाशी बोलायला ती निदान तयारीनं गेली असती.

सुरुवात छोटी करा. पहिल्या हंगामात एकच कारखाना, दोन-तीन अड्डे, शंभर-दीडशे मुलं. मे महिन्यात, सगळ्या टोळ्या गावी पोचल्या की तिन्ही संस्थांच्या त्याच कार्यकर्त्या पुन्हा एका टेबलाशी बसवा. "शंका" गठ्ठ्यातली प्रत्येक ओळ वाचा, कुठलं मूल कुठे सुटलं ते शोधा, कुठला रकाना हंगामभर कुणीच उघडला नाही ते पाहून तो पुढच्या वर्षासाठी काढून टाका. मग गावच्या संस्थेनं परत आलेल्या नोंदी आपल्या यादीत उतरवल्या की देवाणघेवाणीच्या फाइली तिघींनी एकमेकींसमोर पुसायच्या, लॅपटॉपवरच्या, ड्राइव्हवरच्या, ट्रॅशमधल्या आणि फोनच्या डाउनलोड फोल्डरमधल्याही. डाउनलोड फोल्डर लोक हमखास विसरतात. पुसल्याची तारीख आणि तिघींच्या सह्या कराराच्या मागच्या पानावर घ्या.